घरात, पाण्यावर औषधी वनस्पती: गोव्यात कुठली जात लावावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पर्वरीच्या फ्लॅटमधल्या मागच्या खोलीत गेली सहा वर्षं मी मातीविना, खताच्या पाण्यावर (हायड्रोपोनिक पद्धतीने) औषधी झाडं वाढवतेय. सुरुवातीला शेजारी विचारायचे, मग शेजाऱ्यांचे पाहुणे विचारू लागले. तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली. काही उत्तरं लांबली आहेत. ज्यात मी पैसे आणि झाडं दोन्ही घालवली, ती जास्तच लांबली आहेत.

गोव्यात काठी टोचली तरी पालवी फुटते. मग घरात पाण्यावर लावायचा खटाटोप कशाला?

अंगण असेल तर करूच नका. माझ्या सासरी डिचोलीला मागीलदारी अडुळसा, गवती चहा, हळद सगळं आपलं आपण वाढतं. पण फ्लॅटची बाल्कनी उत्तरेला असली की जून ते सप्टेंबर ऊन दिसत नाही. वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक याच चार महिन्यांत. कुंडीतली तुळस जुलैत काळी पडते, पुदिना कुजतो. औषधी पानं लागतात मात्र तेव्हाच, सर्दी-खोकल्याच्या दिवसांत.

दुसरं कारण स्वच्छतेचं. ब्राह्मीसारखी पाणथळीतली झाडं पाण्यातले शिसं-कॅडमियमसारखे जड धातू शोषून घेतात. सांडपाणी साफ करण्याच्या प्रयोगांत ती मुद्दाम लावली जाते, ती याच गुणामुळे. गटाराकाठून खुडून आणलेली ब्राह्मी रोज खायची माझी तरी हिंमत नाही. घरच्या डब्यात तिच्या मुळांशी काय आहे ते मला माहीत असतं.

जात निवडताना पहिली गोष्ट कुठली पाहायची?

तुम्ही झाडाचा कुठला भाग वापरणार, ते. पान किंवा कोवळा शेंडा वापरायचा असेल तर पाण्यावरची शेती सोयीची. मूळ, साल किंवा कंद हवा असेल तर बहुतेक वेळा नाद सोडावा. मुळं पाण्यात सुखाने वाढतात, पण दाढीच्या केसांसारखी बारीक आणि पांढरी. अश्वगंधेचं जाडजूड मूळ कोरड्या, मोकळ्या जमिनीत पाच-सहा महिने काढून तयार होतं, ते डब्यात होत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे कोमट पाणी सोसण्याची ताकद. युरोप-अमेरिकेतल्या तक्त्यांत मुळांशी १८ ते २२ अंश तापमान ठेवा असं लिहिलेलं असतं. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये खोलीतल्या टाकीचं पाणी २९-३० अंशांवर जातं. तेव्हा थंड प्रदेशातल्या झाडापेक्षा मुळातच चिखलात, उबदार पाण्यात वाढणारं झाड घेतलेलं बरं.

तिसरी गोष्ट उंची. खोलीतला दिवा छतापासून लोंबतो, झाड वर वाढतं, आणि मधली जागा दोन महिन्यांत संपते. छाटणी मानवणारी, बुंध्यापासून फुटवे काढणारी जात घ्यावी.

पाकिटावरचं नाव मी या तिन्हींनंतर वाचते. लखनौच्या सीमॅप या संस्थेने तुळस, पुदिना, ब्राह्मी, अश्वगंधा यांच्या कितीतरी जाती काढल्या आहेत आणि त्या चांगल्याच आहेत. पण त्या शेतासाठी आहेत. हेक्टरी तेल किती निघतं, अमुक घटक किती टक्के आहे, यावर त्यांची निवड झाली. त्या नावावरून झाडाच्या रसायनाचा अंदाज येतो. तुमच्या वीस लिटरच्या डब्यात ते कसं वागेल, हे नाव सांगत नाही.

तुळस कुठली? राम, कृष्ण, वन, कापूर… गोंधळ होतो.

व्हायलाच हवा, कारण या चारही एका झाडाच्या जाती नाहीत. राम म्हणजे हिरवी आणि कृष्ण म्हणजे जांभळी, या दोन्ही खऱ्या तुळशीच्याच जाती. वनतुळस ही वेगळी प्रजाती. ती पुरुषभर वाढते, तिचं पान मोठं, लवंगेच्या वासाचं. खोलीत तिला जागा नाही. कापूर तुळसही वेगळीच, झुडूप होणारी.

घरात लावायला मी राम तुळस सुचवते. ती कमी प्रकाशातही बरी राहते. कृष्ण तुळशीचा जांभळा रंग उजेडावर अवलंबून असतो. दिवा अशक्त असला की ती हिरवट होते आणि लोक म्हणतात, "फसवलं, राम तुळस दिली." फसवलेलं नसतं, उजेड वाढवून पाहा. सीमॅपच्या जातींपैकी 'सिम-आयु' ही युजेनॉल भरपूर असलेली. युजेनॉल म्हणजे लवंगेचा तिखट वास देणारा घटक. काढ्यासाठी तोच वास हवा असेल तर ती शोधण्याजोगी आहे. जांभळीत 'सिम-अंगना' आहे. 'सिम-सौम्या' मात्र तुळशीच्या नावाखाली विकली गेली तरी ती सब्जाच्या प्रजातीतली आहे.

बी घेताना एक सोपी परीक्षा करा. पाच-सहा दाणे बशीत घ्या, चमचाभर पाणी घाला, दहा मिनिटं थांबा. दाणे काळे असतील आणि प्रत्येकाभोवती काचेसारखी फुगलेली जेली धरली असेल तर तो सब्जा. तुळशीचं बी तांबूस-तपकिरी, त्याहून बारीक, आणि ते तसं फुगत नाही. एका ऑनलाइन पाकिटावर देवीचं चित्र होतं, आत निव्वळ सब्जा होता. फालुद्यात घालून संपवला.

मी स्वतः बियांपेक्षा फांदीवर जास्त विश्वास ठेवते. दोन प्रकारच्या तुळशी शेजारी असल्या की मधमाश्या त्यांची सरमिसळ करतात आणि बियांतून मिश्र रोपं निघतात. चार बोटं लांब, मंजिरी न धरलेला शेंडा घ्या, खालची पानं काढा आणि रंगीत बाटलीत पाण्यात ठेवा. दहा ते चौदा दिवसांत मुळं येतात.

मंजिरी दिसली की खुडायची. ती राहू दिली तर झाडाचं लक्ष बियांकडे जातं, पानं बारीक होतात, खोड काष्ठ होतं. हायड्रोपोनिक तुळस दीड वर्षाच्या पुढे नेण्यात अर्थ नाही. तिच्याच फांद्यांवरून नवी करा.

वृंदावनातल्या तुळशीची फांदी आणून डब्यात लावलेली चालते का?

झाडाला चालते. घरातल्यांना चालते का ते तुम्ही विचारा. माझ्या सासूबाईंनी मध्यम मार्ग काढला: वृंदावनातली तुळस पूजेची, तिला हात लावायचा नाही, मागीलदारी आपोआप उगवलेली तुळस "तुझ्या डब्यासाठी". व्हडल्या दिवाळीला लग्न लागतं ते अंगणातल्या तुळशीचं. माझ्या दिव्याखालच्या तुळशीला अजून निमंत्रण आलेलं नाही.

पेपरमिंटचं बी पेरलं, पण वास साध्या पुदिन्याचा येतो. असं का?

कारण पेपरमिंटचं खात्रीचं बी नसतंच. पेपरमिंट हा पाणपुदिना आणि साधा हिरवा पुदिना यांचा संकर, आणि तो वांझ आहे. तो फक्त कांड्यांवरून वाढतो. पाकिटात असतो साधा पुदिना नाहीतर कसली तरी भेसळ. पहिल्या वर्षी मीही दोन पाकिटं घेतली होती.

पुदिन्यात वासाप्रमाणे तीन गट धरा. बाजारातला चटणीचा पुदिना गोडसर वासाचा, त्यात कार्वोन हा घटक मुख्य. पेपरमिंटमध्ये मेंथॉल. आणि जपानी पुदिना, ज्यापासून उत्तर प्रदेशात मेंथॉलचे खडे काढतात, त्यात मेंथॉल सर्वांत जास्त. 'कोसी', 'हिमालय', 'सिम-क्रांती' या नावाजलेल्या जाती याच गटातल्या. वाफाऱ्यासाठी जपानी पुदिना चांगला, चटणीत घातला तर जीभ बधिर होते. चहासाठी पेपरमिंट. रोजच्या पोटदुखीसाठी आणि सोलकढीवर टाकायला बाजारचा.

बाजारचा पुदिना मिळवणं सर्वांत सोपं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून जुडी आणा. जाड, जांभळट देठ निवडा, कारण कोवळे हिरवे देठ कुजतात. प्रत्येकाची दोन पेरं पाण्याखाली राहतील असे ग्लासात ठेवा आणि पाणी रोज बदला. चौथ्या-पाचव्या दिवशी पेराशी मोहरीएवढे पांढरे ठिपके दिसतात, आठवड्यात ते मुळांचे धागे होतात. दोन इंच लांब झाले की नेटपॉटमध्ये, म्हणजे डब्याच्या झाकणात बसणाऱ्या जाळीच्या कुंडीत.

सूचना एकच: पुदिन्याला पाइपांतून खताचं पाणी फिरवणाऱ्या व्यवस्थेत लावू नका. त्याची मुळं आणि धावते देठ पाइप बुजवतात आणि पाणी जमिनीवर येतं. खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या छताला आलेला डाग माझ्या पुदिन्याचा आहे. त्याला स्वतंत्र डबा द्या.

पुदिना मोठ्या दिवसांत फुलतो. दिवा सोळा तास ठेवलात तर फुलावर येईल, म्हणून बारा-तेरा तासांवर ठेवा आणि सारखा छाटा. स्टीव्हियाचं, म्हणजे साखरेऐवजी वापरतात त्या गोड पानांच्या झाडाचं, याच्या नेमकं उलट, ते पुढे सांगते.

ब्राह्मी म्हणजे नेमकी कुठली? आमच्याकडे एकपानीलाही ब्राह्मी म्हणतात.

हा घोळ गोव्यातच नाही, देशभर आहे. दोन्ही झाडं वेगळी, त्यांतले घटक वेगळे. लहान, जाडसर, लांबट पानांच्या जोड्या, पानाला देठ जवळजवळ नाही, फूल पाच पाकळ्यांचं पांढरं किंवा फिकट निळसर: ती ब्राह्मी, जिच्यात बॅकोसाइड हे घटक असतात. जमिनीलगत धावणाऱ्या दोरीच्या पेरांतून लांब देठावर वर आलेलं गोल, मूत्रपिंडाच्या आकाराचं पान: ती एकपानी, मराठीत मंडूकपर्णी. वैद्यांनी "ब्राह्मी घ्या" म्हटलं तर कुठली, ते त्यांनाच दाखवून विचारा.

मला एकच झाड निवडायला सांगितलं तर मी ब्राह्मी निवडेन. ती मुळात पाणथळीतली. शेताच्या मेरेवर, तळ्याकाठी गुडघाभर पाण्यात ती वाढते. कोमट पाण्याची तिला भीती नाही, प्रकाश कमी लागतो, खत कमी लागतं. बोटभर काडी पाण्यावर टाकली तरी प्रत्येक पेरातून मुळं येतात. जातीचं म्हणाल तर सीमॅपच्या 'प्रज्ञाशक्ती', 'सुबोधक' आणि 'सिम-जागृती' आहेत. त्या मिळाल्या तर उत्तम, नाहीतर ओळखीच्या, स्वच्छ जागेतली काडी पुरे. रानातली काडी आणली तर पहिल्या दोन छाटण्या टाकून द्या आणि तिसऱ्या वाढीपासून खा. मी तसं करते, कारण आधी शोषलेलं काय असेल ते जुन्या पानांत राहतं.

एकपानीही पाण्यावर छान होते, पण तिला पसरायला आडवी जागा हवी. खोल डब्यापेक्षा उथळ ट्रेमध्ये कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घालून लावा.

किराईत आणि स्टीव्हिया होतात का?

दोन्ही होतात. किराईत, म्हणजे कालमेघ, वर्षायू आहे, दमट हवा त्याला मानवते. बी कडक असतं, म्हणून रात्रभर कोमट पाण्यात भिजवून कोकोपीटवर पेरा, वर माती-बिती टाकू नका. कळ्या धरायला लागल्या की कापायचं, त्या वेळी कडूपणा सर्वाधिक असतो. गरोदर बाईने किराईत घेऊ नये. आमच्या घरात मुलांना जंतावर ते जबरदस्तीने पाजलं गेलं, त्यामुळे मी लावते पण पीत नाही.

स्टीव्हिया लहान दिवसांत फुलतो. उजेड साधारण तेरा तासांच्या खाली गेला की कळ्या येतात आणि पानांची वाढ थांबते. म्हणून त्याला पंधरा-सोळा तास दिवा द्या. याचा अर्थ पुदिना आणि स्टीव्हिया एका टायमरवर सुखाने नांदत नाहीत. बी फार कमी उगवतं, रोप किंवा फांदी घ्या.

काय लावू नये?

कोरफड आणि पानओवा: पाण्यात कुजवण्यापेक्षा खिडकीत कुंडीत फुकट वाढतात. गवती चहा: मीटरभर उंच, मुळं बादली भरून टाकतात, खालच्या सोसायटीच्या बागेत एक ठोंब लावा आणि सगळ्या इमारतीला चहा पाजा. अडुळसा, गुळवेल: एक झुडूप, एक झाडावर चढणारी वेल, दोन्हींना खोली कशाला? सर्पगंधा तर अजिबात नको. ती मुळांसाठी लावतात, मूळ तयार व्हायला दीड वर्षाहून जास्त लागतं आणि त्यातलं रेसर्पिन रक्तदाब पाडतं. घरी खेळायची गोष्ट नाही ती.

लॅव्हेंडर, रोझमेरी, कॅमोमाइल यांची चित्रं पाहून लोक भुलतात. ही कोरड्या, थंड हवेतली झाडं. पावसाळ्यात गोव्यातल्या ८५-९० टक्के आर्द्रतेत त्यांच्यावर बुरशी चढते. चोवीस तास एसी चालू असलेली खोली असेल तर करा, पण मग तो कॅमोमाइल चहा पंचतारांकित हॉटेलपेक्षा महाग पडेल.

इटालियन बेझिल हवीच असेल तर केवडा रोगाला दाद न देणारी जात मागा. 'प्रॉस्पेरा' ही तशी आहे. साध्या जाती पावसाळ्यात पानाखाली राखाडी भुकटी धरतात आणि आठवड्यात संपतात.

नळाचं पाणी चालेल का? विहिरीचं?

आमच्याकडचं नळाचं पाणी मऊ आहे. साळावली, ओपा, अस्नोडा इथलं पाणी घाटाच्या पावसाचं. माझ्या नळाचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप, ६० च्या आसपास येतो. पुण्या-नगरकडच्या बोअरवाल्यांना याचा हेवा वाटेल, पण त्याचेही दोन तोटे आहेत. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम नगण्य असतं, तेव्हा खतातून ते द्यावंच लागतं, नाहीतर तुळशीचे कोवळे शेंडे जळल्यासारखे होतात. आणि मऊ पाण्यात पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा, स्थिर राहत नाही. आज ६ असेल तर परवा ५ असतो. दर दोन दिवसांनी पाहा, ५.५ ते ६.५ मध्ये ठेवा. लिंबू किंवा व्हिनेगर घालून पीएच उतरवू नका, दोन दिवसांत पुन्हा चढतो आणि पाणी बुळबुळीत होतं.

नळाला क्लोरीनचा वास असेल तर बादली रात्रभर उघडी ठेवा. विहिरीचं पाणी किनारपट्टीला मेमध्ये खारट होतं, तेव्हा ते टाळा. चिऱ्याच्या जमिनीतल्या बोअरचं पाणी रात्रभर ठेवल्यावर तळाशी तांबडा गाळ बसत असेल तर ते लोह आहे. गाळून, वरचं पाणी घ्या.

खत दोन भागांत येतं, अ आणि ब. दोन्ही दाट स्वरूपात एकमेकांत मिसळू नका. कॅल्शियम आणि सल्फेट-फॉस्फेट भेटले की खडूसारखा पांढरा साका बसतो आणि तो झाडाला मिळत नाही. आधी पाणी, मग अ, ढवळा, मग ब.

प्रमाण ईसीमध्ये सांगते, म्हणजे पाण्याच्या वीजवाहकतेत (मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर); खत जास्त, तर आकडा मोठा. ब्राह्मी, एकपानीला ०.८ ते १.२. तुळस, स्टीव्हियाला १.२ ते १.६. पुदिन्याला १.४ ते १.८. तुमच्याकडे टीडीएसचं पेन असेल तर ते ५०० च्या मापाचं की ७०० च्या, ते पाहा: ईसी १.२ ला एक पेन ६०० दाखवतं, दुसरं ८४०. मैत्रिणीचा आकडा डोळे झाकून घेतला आणि तुळस करपली, अशी तक्रार मला वर्षातून दोनदा ऐकायला मिळते.

मेमध्ये मुळं तपकिरी होऊन झाड मरतं. काय चुकतं?

बहुतेक वेळा पाणी तापलेलं असतं. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसातच. मुळं गुदमरतात आणि पिथियम ही बुरशीसारखी रोगजंतूची जात नेमकी तेव्हाच फोफावते. निरोगी मूळ पांढरं, चिमटीत ताठ लागतं. कुजलेलं मूळ तपकिरी, आणि ओढलं की वरची साल हातात येऊन आत केसासारखा धागा राहतो. वासही येतो, साचलेल्या फुलदाणीसारखा.

एका मेमध्ये माझ्या सगळ्या बेझिल अशा गेल्या. त्याच टाकीतली ब्राह्मी मजेत होती. त्या दिवसापासून मी जातीच्या नावापेक्षा मुळांचा स्वभाव आधी विचारते.

सोलापूरकडे टाकीला ओलं गोणपाट गुंडाळतात आणि पाणी थंड होतं. आमच्या दमट हवेत ते वाळतच नाही, मग थंड कसं करणार? इथे चालतं ते असं: मासळीबाजारातले थर्माकोलचे डबे. जाड भिंती, झाकण, फुकटात किंवा पंचवीस-तीस रुपयांत. साबण आणि ब्लीचिंग पावडरने धुऊन तीन दिवस उन्हात ठेवा. तरी पंधरा दिवस पुदिन्याला बांगड्याचा वास येतोय असा भास होतो, मग जातो. पांढऱ्या थर्माकोलमधून उजेड आत शिरतो आणि शेवाळ धरतं, म्हणून बाहेरून काळी टेप लावा. डबा टेबलावर नाही, फरशीवर ठेवा. दुपारी गोठवलेली एक लिटरची पाण्याची बाटली, झाकण घट्ट लावून, आत सोडा. एअर पंप दिवसरात्र चालू.

वीज गेली तर?

पहिल्या पावसात ती जातेच. पंपावर चालणारी व्यवस्था असेल आणि उन्हाळा असेल तर चार-पाच तासांत मुळं सुकायला लागतात. म्हणून नवशिक्यांना मी क्रॅटकी पद्धत सांगते. हवाई विद्यापीठाच्या बर्नार्ड क्रॅटकी यांनी ती रूढ केली. डब्यात खताचं पाणी एकदाच भरायचं, पंप नाही. झाड पाणी पीत जातं, पातळी उतरते, आणि मध्ये जी मोकळी जागा होते तिथली मुळं हवा घेतात. इथे सगळे एकच चूक करतात: पाणी उतरलेलं पाहून डबा पुन्हा काठोकाठ भरतात. हवेतली मुळं बुडतात आणि झाड दोन दिवसांत माना टाकतं. भरायचंच तर अर्ध्यापर्यंत.

दिवा कुठला आणि बिल किती?

जांभळे दिवे घेऊ नका. झाडाला चालतात, पण त्यांच्या उजेडात पानाचा आजार दिसत नाही आणि शेजारी भलतेच प्रश्न विचारतात. पांढरा एलईडी, दोन बाय दोन फुटांना ५० वॉट, पानांपासून वीतभर उंच. चौदा तास लावला तर दिवसाला ०.७ युनिट, महिन्याला २१ युनिट. फोनमधल्या लक्स मापकावर तुळस-पुदिन्याच्या शेंड्याशी चौदा हजारांच्या वर आकडा हवा. ब्राह्मी-एकपानीला आठ-दहा हजारांत भागतं.

शेजाऱ्यांचे भलतेच प्रश्न म्हणजे गांजा?

हो. गोव्यात वर्तमानपत्रात 'हायड्रोपोनिक' हा शब्द बहुतेक वेळा पोलिसांच्या बातमीतच येतो. १९८५ च्या एनडीपीएस कायद्याने विनापरवाना गांजाचं झाड लावणं गुन्हा आहे, शिक्षा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. 'औषधी' म्हटल्याने सुटका होत नाही. मला बी मागू नका. मी खिडकीचा पडदा उघडा ठेवते, ज्यांना पाहायचं त्यांना ब्राह्मी दिसते.

पाण्यावरच्या पानांत औषधी गुण तेवढेच असतात का?

झाडावर, दिव्यावर आणि खतावर अवलंबून आहे. सुगंधी तेलं ही झाडाची शस्त्रं आहेत. भरपूर नत्र आणि मंद उजेड मिळाला की पान मोठं, लुसलुशीत, आणि बेचव होतं. मी तुळशीला मुद्दाम थोडं अर्धपोटी ठेवते: ईसी १.२ च्या वर नेत नाही, दिवा भरपूर. पान लहान राहतं, पण चुरगाळलं की खोलीभर वास येतो. घरी प्रयोगशाळा नसते, नाक असतं. औषधाचं प्रमाण मात्र वैद्यांना विचारा. गोळ्या चालू असलेल्यांनी तर नक्कीच.

चांगली रोपं, बी कुठे मिळतं?

जुन्या गोव्याच्या इला इथे केंद्रीय किनारपट्टी कृषी संशोधन संस्था आहे, टोंक-करंजाळ्याला कृषी खात्याचं कार्यालय आहे, तिथे विचारणा करा. पेडण्यात धारगळला २०२२ च्या डिसेंबरपासून अखिल भारतीय आयुर्वेद संस्था सुरू आहे. झाड ओळखून घ्यायचं असेल तर तिथले जाणकार उपयोगी पडतात. खाजगी रोपवाटिकेतून आणलं तर मुळांवरची माती कोमट पाण्यात पूर्ण धुवा आणि रोप आठवडाभर वेगळं ठेवा. मातीबरोबर रोग आणि पिठ्या ढेकूण घरात येतात. हा ढेकूण पेराच्या बेचक्यात कापसासारखा दिसतो. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कानातल्या काडीने एकेक टिपा. खायच्या पानांवर औषध फवारू नये.

हे सगळं गोव्याला नवं नाही, बरं का. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचं भारतातल्या औषधी द्रव्यांवरचं पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापलं गेलं. पणजीत चर्चसमोरच्या ज्या बागेत आपण भेळ खातो ती त्याच्याच नावाची.

चवथीला आठ दिवस गावी जाणार. झाडांचं काय?

निघायच्या आदल्या दिवशी सगळ्यांची तिसरा हिस्सा छाटणी करा, म्हणजे पाणी कमी पितील. छाटलेला पुदिना-तुळस गावी घेऊन जा. खत निम्म्यावर आणा, कारण पाणी आटत जातं तसं उरलेलं दाट होतं. डबा पाऊण भरा, टायमर दहा तासांवर, एअर पंप इन्व्हर्टरला जोडा. खोलीची खिडकी बोटभर उघडी आणि एक लहान पंखा मंद चालू, नाहीतर कोंदट हवेत बुरशी. किल्ली शेजारच्या वहिनींकडे द्या, पण त्यांना स्पष्ट सांगा: पाहायचं फक्त, पाणी घालायचं नाही. मी हे सांगायला विसरले होते. परत आले तेव्हा त्यांनी रोज तांब्याभर पाणी मायेने घातलेलं होतं, डबे काठोकाठ भरले होते. ब्राह्मी सोडून सगळं झोपलं होतं.